मुलींच्या स्थानिक स्कॉलरशिप स्पर्धा (अमेरिका): लेकीला उतरू द्यावं का?

शर्वाणी_ह | ३ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

आम्ही उत्तर अलाबामात राहतो. थोरली यंदा ज्युनियर, म्हणजे अकरावीत आहे. शाळेच्या कौन्सेलर बाईंनी तिला 'डिस्टिंग्विश्ड यंग वुमेन' या कार्यक्रमाचं पत्रक दिलं. आधी आमच्या काउंटीची फेरी, मग राज्याची, आणि तिथे पहिली आली तर पुढच्या वर्षी जूनमध्ये मोबील शहरात देशपातळीवरची. गुणांची वाटणी पत्रकातच आहे: अभ्यास २५ टक्के, मुलाखत २५, कला २०, फिटनेस १५ आणि 'सेल्फ-एक्स्प्रेशन' (म्हणजे स्वतःला मांडणं) १५. स्विमसूटची फेरी नाही. प्रवेश फी नाही.

घरात दोन तट पडलेत. लेक म्हणते, "आई, हे ब्यूटी पेजंट नाही, यातून कॉलेजचे पैसे मिळतात." नवऱ्याचं म्हणणं, मुलींनी छान कपडे घालून स्टेजवर यायचं आणि परीक्षकांनी गुण द्यायचे, मग नाव काहीही ठेवा. सांगलीहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "एवढं भरतनाट्यम शिकवलंत ते काय कपाटात ठेवायला?"

कुणाची मुलगी, भाची, पुतणी अशा स्पर्धेत उतरली आहे का? पैसे खरंच हातात पडतात का? आणि सतराव्या वर्षी हे सगळं मुलीला झेपतं का? मनापासून सांगा, मला ठरवायचं आहे.

गोदाकाठ | ३ फेब्रुवारी

रुमाल टाकून ठेवतोय. माझी लेक अजून आठवीत आहे, पण ही वेळ येणार हे दिसतंय.

रानजाई | ३ फेब्रुवारी

शर्वाणी, माझी धाकटी जॉर्जियात याच कार्यक्रमात उतरली होती, त्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, अभ्यासाचे २५ टक्के स्टेजवर ठरतच नाहीत. शाळेची गुणपत्रिका आणि परीक्षांचे स्कोअर वेगळी समिती आधीच तपासते. मुलाखतही बंद खोलीत, प्रेक्षकांशिवाय. म्हणजे निम्मे गुण पडदा उघडण्यापूर्वी ठरलेले असतात. हे कळल्यावर आमच्या घरातला विरोध बराच मावळला.

मुलाखत हाच या सगळ्याचा गाभा आहे असं माझं ठाम मत आहे. साधारण दहा मिनिटं, समोर परीक्षकांची रांग, त्यांच्या हातात तुमच्या मुलीनेच लिहिलेली माहिती. लेकीने "वाचनाची आवड" असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस, आणि त्यातलं कुठलं पात्र तुला पटलं नाही? पाठ करून गेलेली उत्तरं तिथे चालत नाहीत. आमच्याकडे रोज जेवताना बाबा परीक्षक व्हायचे. त्या निमित्ताने बाप-लेकीत जेवढं बोलणं झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं.

फिटनेस म्हणजे सगळ्या मुलींनी मिळून करायचा दमदार कवायतीसारखा नाच. ताकद, दम आणि ताल बघतात, कंबर मोजत नाहीत. तालमी दमवतात, पण मैत्रिणी होतात त्या तिथेच.

राज्याच्या फेरीला मुली अनोळखी कुटुंबांकडे राहतात, त्यांना 'होस्ट फॅमिली' म्हणतात. मला फार धाकधूक होती. आम्ही शाकाहारी. त्या घरातल्या आजीबाईंनी आधी फोन करून विचारलं, "मासे चालतील का?" मग मी फोनवरच त्यांना राजमा सांगितला. त्यांनी तो केला, आणि आता नाताळला त्यांच्याकडे होतो म्हणे!

खडूस_मास्तर | ४ फेब्रुवारी

रानजाई यांचा अनुभव चांगला आहे, पण मूळ प्रश्न सोडून चालणार नाही.

या परंपरेचा उगम बघा. १९२१ साली अटलांटिक सिटीत लेबर डे (सप्टेंबरच्या सुरुवातीची सुट्टी) उलटून गेल्यावरही पर्यटक थांबावेत म्हणून व्यापाऱ्यांनी सुंदर मुलींची स्पर्धा भरवली. तीच पुढे मिस अमेरिका झाली. पहिली विजेती मार्गारेट गॉर्मन १६ वर्षांची होती. स्कॉलरशिप आली ती १९४५ मध्ये, म्हणजे जवळपास पाव शतकानंतर. आधी रूप विकायचं, मग टीका व्हायला लागली की वर शिक्षणाची शाल पांघरायची. तुमच्या मुलीला गणितात पैकीच्या पैकी मिळत असतील तर तिला त्या गुणांवर पैसे मिळावेत. नाचून दाखव, मग फी भरतो, हा कुठला न्याय?

आबोली | ४ फेब्रुवारी

मास्तरांना +१. मुलांना फुटबॉलवर स्कॉलरशिप मिळते तेव्हा त्यांना कुणी गाऊन घालायला लावत नाही.

इतिहासवेडी | ४ फेब्रुवारी

मास्तर, मिस अमेरिकेबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, पण शर्वाणी विचारताहेत तो कार्यक्रम वेगळ्या झाडाचा आहे.

मोबील हे अलाबामातलं बंदराचं गाव. तिथे वसंतात अझेलियाची फुलं बघायला लोक येत, आणि त्या सोहळ्यात शाळकरी मुली गावाच्या वतीने पाहुण्यांचं स्वागत करत. त्यातूनच १९५८ मध्ये 'अमेरिकाज ज्युनियर मिस' सुरू झालं, ते पहिल्यापासून बारावीच्या मुलींसाठी आणि कॉलेजच्या पैशांसाठी. २०१० मध्ये नाव बदलून 'डिस्टिंग्विश्ड यंग वुमेन' केलं, कारण 'मिस' म्हटलं की लोकांना मुकुट आणि स्विमसूटच आठवतो. पत्रकार डायान सॉयर १९६३ ची विजेती, केंटकीहून आलेली. अभिनेत्री डेब्रा मेसिंग ऱ्होड आयलंडची ज्युनियर मिस होती.

आणि मिस अमेरिकेच्या १९४५ बद्दल एक जोडते. ती पहिली स्कॉलरशिप मिळाली बेस मायरसन यांना, ५,००० डॉलर. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या ज्यू कुटुंबातली, पियानो वाजवणारी मुलगी. युद्ध नुकतंच संपलं होतं, आणि ज्यू नाव बदल असं सांगूनही तिने ते बदललं नाही. त्या काळात मुलीच्या उच्च शिक्षणासाठी एवढी रक्कम देणारे किती होते? स्पर्धा कशातून निघाली हे जसं सांगायला हवं, तसं त्या पैशाने एखाद्या मुलीला काय दिलं हेही सांगायला हवं.

टिंबटिंब | ४ फेब्रुवारी

बायकांनी ब्रा जाळल्या त्या मिस अमेरिकेच्याच स्पर्धेबाहेर ना?

इतिहासवेडी | ४ फेब्रुवारी

जाळल्या नाहीत. ७ सप्टेंबर १९६८ ला अटलांटिक सिटीच्या लाकडी बोर्डवॉकवर निदर्शनं झाली. बायकांनी उंच टाचांचे बूट, कंबरपट्टे, फरशी पुसायचे मॉप एका मोठ्या कचऱ्याच्या डब्यात फेकले. आग लागलीच नव्हती, जाळल्याची गोष्ट मागून पसरली.

हिशेबनीस | ५ फेब्रुवारी

मी पैशाबद्दल लिहितो, कारण धाग्याचा तो प्रश्न अजून कुणी घेतला नाही. मी कर सल्लागाराचं काम करतो, आणि वसंतात माझ्याकडे अशा मुलींचे पालक कागद घेऊन येतात.

अशा कार्यक्रमांत दोन प्रकारचे पैसे असतात आणि ते एकत्र मोजू नयेत. एक, रोख स्कॉलरशिप. ती आयोजक देतात, बहुतेक वेळा थेट तुमच्या कॉलेजला पाठवतात, आणि कॉलेज तुम्ही निवडता. दुसरी, एखाद्या कॉलेजने देऊ केलेली सवलत: 'तुमच्या स्पर्धेतली मुलगी आमच्याकडे आली तर एवढी फी माफ.' ही दुसरी तेव्हाच खरी, जेव्हा तुमच्या मुलीला त्याच कॉलेजात जायचं असतं.

दुसऱ्या प्रकारच्या बेरजेतूनच मोठे आकडे तयार होतात. २०१४ मध्ये विनोदी सूत्रधार जॉन ऑलिव्हर यांनी टीव्हीवर मिस अमेरिकेचा वर्षाला ४.५ कोटी डॉलर 'उपलब्ध करून देतो' हा दावा तपासला होता. एकच मुलगी एकाच कॉलेजात जाणार, तरी तिच्यासमोर असलेल्या प्रत्येक कॉलेजची सवलत वेगळी मोजलेली निघाली. प्रत्यक्ष दिलेली रक्कम त्या मानाने फारच कमी होती. गंमत म्हणजे, ती कमी रक्कम धरूनही फक्त मुलींना स्कॉलरशिप देणारी त्याहून मोठी संस्था त्यांना सापडली नाही! याचा राग मिस अमेरिकेवर धरायचा की बाकीच्यांवर, ते तुम्ही ठरवा. मी बाकीच्यांवर धरतो.

आता शर्वाणीताईंसाठी कामाच्या गोष्टी. ट्यूशन, सक्तीची फी, कोर्सला लागणारी पुस्तकं यांवर खर्च झालेली स्कॉलरशिप करमुक्त असते. राहण्या-जेवण्यावर खर्च झाली तर तेवढा भाग उत्पन्नात धरतात. पावत्या जपून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं: कॉलेजने तुमची आर्थिक परिस्थिती बघून मदत दिली असेल आणि मुलीने बाहेरून स्कॉलरशिप आणली, तर काही कॉलेजं आपली मदत तेवढ्याने कमी करतात. मुलीने राबून मिळवलेले पैसे कॉलेजच्या तिजोरीत परत. मेरीलंडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांना हे करण्यावर बंधन घातलं, त्यानंतर आणखी काही राज्यांनी. कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला लेखी विचारा: बाहेरची स्कॉलरशिप आली तर आधी कर्ज कमी कराल की अनुदान? उत्तर कर्ज असेल तर उत्तम.

शर्वाणी_ह | ५ फेब्रुवारी

हिशेबनीस, हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. खूप आभार.

पेठकर | ५ फेब्रुवारी

पुण्यातून लिहितोय. वाचून वाईट वाटलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी गावच्या स्टेजवर कार्यक्रम करावा लागतो?

आपल्याकडे चौथी-सातवीच्या (मधली काही वर्षं पाचवी-आठवीच्या) स्कॉलरशिप परीक्षेला बसून आम्ही मोठे झालो. पेपर सोडवायचा, गुण मिळवायचे, कुणी तुमचा चेहरा बघत नसे. आणि महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी सरकार भरतं. अंमलबजावणीत अडचणी आहेत, कॉलेजं मुलींना आधी पैसे भरायला लावतात, हे सगळं मान्य. पण तत्त्व बघा. मुलगी शिकतेय एवढं कारण पुरेसं मानलं आहे.

रानजाई | ५ फेब्रुवारी

पेठकर, तत्त्व शंभर टक्के मान्य. पण माझी लेक पुढच्या ऑगस्टला कॉलेजात जाणार होती. देश बदलेपर्यंत तिने थांबायचं का?

पेठकर | ५ फेब्रुवारी

थांबू नये. पण जे चाललंय त्याला 'संधी' एवढंच नाव देऊन मोकळं होऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

रानजाई | ५ फेब्रुवारी

हे पटलं.

सायीवरची_साखर | ६ फेब्रुवारी

मिनेसोटातून एक अवांतर, पण विषयाच्या जवळचं. आमच्याकडे दूध व्यवसायातल्या मुलींसाठी 'प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे' हा मान असतो, १९५४ पासून. आधी काउंटीची डेअरी प्रिन्सेस, मग राज्याच्या अंतिम फेरीत मोजक्याजणी. राज्याच्या जत्रेत या मुलींचे चेहरे लोण्यात कोरतात! ९० पौंडांचा, म्हणजे चाळीस किलोंहून जड, लोण्याचा ठोकळा. काचेच्या थंडगार फिरत्या खोलीत मुलगी कोट-टोपी घालून तासन्‌तास बसते, समोर शिल्पकार कोरत असतो, आणि बाहेर हजारो लोक बघत असतात. लिंडा क्रिस्टेन्सन या शिल्पकार बाईंनी १९७२ पासून जवळपास पन्नास वर्षं हे काम केलं.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसू आवरेना. मग त्या मुलीचं बोलणं ऐकलं. गायींची पहाटेची धार, दुधाचा पडलेला भाव, वडिलांनी शेत विकायचं की ठेवायचं, हे ती शहरी माणसांना इतकं स्वच्छ समजावत होती की माझं हसू थांबलं. रूपाचा संबंधच नाही. आपल्या व्यवसायाबद्दल चारचौघांत बोलता येणारी मुलगी त्यांना हवी असते.

कोकणी_खवय्या | ६ फेब्रुवारी

त्या चाळीस किलो लोण्याचं पुढे काय होतं? कढवलं तर तूप किती निघेल?

सायीवरची_साखर | ६ फेब्रुवारी

मुलगी आपला पुतळा घरी नेते. कुणी फ्रीझरमध्ये ठेवतात, कुणी गावजेवणात मक्याच्या कणसांना लावून संपवतात. तुपाचं त्यांना कुणी सुचवलेलं दिसत नाही.

कोकणी_खवय्या | ६ फेब्रुवारी

पुढच्या वर्षी मी जत्रेला येतो आणि स्वतः सुचवतो. गूळपोळीही आणतो.

टिंबटिंब | ६ फेब्रुवारी

धागा लोण्यावरून घसरला :)

ऋतू_न्यूजर्सी | ७ फेब्रुवारी

इथे बहुतेक आई-बाबा लिहिताहेत, म्हणून मुलगी म्हणून लिहिते. मी कॉलेजात असताना मिस अमेरिकेच्या साखळीतल्या एका स्थानिक स्पर्धेत उतरले होते. त्याला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ते माझ्याकडे होतं.

सप्टेंबर २०१३ ची रात्र मला आठवते. नीना दावुलुरी मिस न्यूयॉर्क म्हणून स्टेजवर होती आणि बॉलिवूड फ्यूजन नाचली. सिरॅक्यूजमध्ये जन्मलेली तेलुगू घरातली मुलगी, मिशिगन विद्यापीठाची पदवीधर. तिला मुकुट आणि ५०,००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली आणि आमच्या घरात आई रडली. काही मिनिटांतच ट्विटरवर तिला अरब म्हणणारे, दहशतवादी म्हणणारे सुरू झाले. ती नंतर शांतपणे म्हणाली की मला याच्या वर उठायचं आहे. मी तेव्हा शाळेत होते. सावळा रंग असलेली मुलगी त्या जागी उभी राहू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत 'गोरी' शोधणाऱ्या काकू-मावश्यांनाही ते कळायला हवं होतं.

मला खर्च काय आला ते सांगते, कारण मिळालेल्या पैशांबद्दल सगळे बोलतात. मी स्थानिक पातळीवर जिंकले नाही, छोटी स्कॉलरशिप मिळाली. गाऊन, बूट, केस, येण्या-जाण्याचं पेट्रोल धरलं तर जवळजवळ बरोबरी झाली. सोबतच्या काही मुली चालण्याचे वेगळे क्लास लावून आल्या होत्या. ज्यांच्याकडे आधीच पैसे आहेत त्यांना पैसे जिंकणं सोपं जातं, हे तिथे डोळ्यांनी बघितलं. तरीही मी उतरले याचा मला आनंद आहे. आज ऑफिसात तीस लोकांसमोर उभं राहिले की आवाज कापत नाही.

२०१८ मध्ये मिस अमेरिकेने स्विमसूट बंद केला. २०२० ची विजेती कमील श्रायर फार्मसीची विद्यार्थिनी, तिने कला म्हणून स्टेजवर रसायनशास्त्राचा प्रयोग केला, तो हायड्रोजन पेरॉक्साइडचा रंगीत फेस उसळणारा. २०२३ ची ग्रेस स्टँकी अणुअभियांत्रिकी शिकणारी, व्हायोलिन वाजवणारी. बदल होतो आहे.

खडूस_मास्तर | ७ फेब्रुवारी

ऋतू, तुझा प्रतिसाद आवडला. खर्चाबद्दल लिहिलंस ते विशेष. माझा आक्षेप तसाच आहे, पण रसायनशास्त्राच्या प्रयोगाला मी टाळ्या वाजवीन.

मनमोकळी | ७ फेब्रुवारी

मला एका वेगळ्या गोष्टीची काळजी वाटते. माझी मुलगी दोन वर्षं खाण्याच्या आजाराशी झुंजली. तिच्यासाठी 'फिटनेस' हा शब्द आणि समोर परीक्षक, एवढं पुरेसं होतं परत मागे जायला. कार्यक्रम कितीही चांगल्या हेतूचा असला तरी आपलं मूल कुठे नाजूक आहे ते आपल्यालाच माहीत. शर्वाणी, तुझ्या मुलीचं स्वतःच्या शरीराशी नातं कसं आहे, ते आधी बघ. बाकी सगळं नंतर.

शर्वाणी_ह | ७ फेब्रुवारी

मनमोकळी, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी काल रात्री तिच्याशी यावर बोलले. ती म्हणाली, फिटनेसच्या नाचात दम लागेल याची भीती आहे, दिसण्याची नाही. मी तरी लक्ष ठेवणार आहे. तुमची लेक आता बरी आहे ना?

मनमोकळी | ७ फेब्रुवारी

बरी आहे. कुंभारकाम शिकतेय. स्टेज तिला नकोच होतं.

सावधान_विश्राम | ८ फेब्रुवारी

एक इशारा. 'स्कॉलरशिप पेजंट' असं नाव लावून पत्रं पाठवणाऱ्या व्यापारी स्पर्धाही असतात. माझ्या भाचीला असंच पत्र आलं: 'तुझी निवड झाली आहे.' मग नोंदणीची काही शे डॉलर फी, मग पुस्तिकेत जाहिराती विकून आणायच्या, फोटोचे वेगळे पैसे, हॉटेलही त्यांच्याचकडे. बक्षीस म्हणून बाँड आणि ट्रॉफी. बहिणीने पैसे भरले होते, ते परत मिळाले नाहीत.

आधी पैसे मागितले की तिथेच थांबा. आणि गेल्या वर्षी रोख किती मुलींना किती दिले, ते लेखी मागा. चांगले आयोजक आनंदाने सांगतात.

नादब्रह्म | ८ फेब्रुवारी

कलेबद्दल कुणीच लिहीना, म्हणून मी लिहितो. यात कलेला ९० सेकंद मिळतात. भरतनाट्यमवाल्या घरात पहिली प्रतिक्रिया 'अशक्य' अशीच येते. वर्णम (भरतनाट्यममधली मोठी रचना) अर्ध्या तासाचं, आणि इथे दीड मिनिट!

मी मृदंगम वाजवतो आणि दोन मुलींना हे बसवून दिलं आहे. हिशेब असा: आदितालम्, मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर आठ मात्रांचं एक आवर्तन सहा सेकंदांचं. म्हणजे ९० सेकंदांत १५ आवर्तनं. पहिलं आवर्तन स्टेजवर येऊन स्थिर होण्यात जातं, उरली १४. तिल्लाना (तालावरचा वेगवान नाच) घ्या. पदं, अभिनय घेऊ नका. भाषा न कळणाऱ्या परीक्षकाला दीड मिनिटात यशोदेचा राग कळणार नाही, पण पायांची स्पष्टता, अरैमंडीचा (गुडघे वाकवून धरलेल्या पवित्र्याचा) ताण आणि शेवटचं कोर्वै (तालाचा समारोपाचा तुकडा) समेवर पडणं त्याला न सांगता कळतं. सुरुवातीला उभी मई-अडवू (अंगाच्या डौलदार हालचाली), मध्ये दोन जति (बोलांवरचे तुकडे), आणि शेवटच्या तीन आवर्तनांत कोर्वै.

संगीत मध्येच कापून आवाज हळूहळू कमी करू नका. नाच समेवर संपतो, आवाजही समेवरच संपला पाहिजे. जमल्यास नव्याने रेकॉर्ड करून घ्या.

शास्त्रोक्त | ८ फेब्रुवारी

माझ्या गुरू असत्या तर म्हणाल्या असत्या, तिल्लानाचे तुकडे करायला मन कसं होतं? आपण परंपरा त्यांच्या घड्याळात कोंबायची, की त्यांनी घड्याळ मोठं करायचं?

नादब्रह्म | ८ फेब्रुवारी

दादा, ७८ आरपीएमच्या तबकडीवर आपल्या गायकांनी तीन मिनिटांत राग मांडले आणि आपण अजून ते जीव टाकून ऐकतो. बंधनातही सच्चं काम करता येतं. मात्र गुरूंची परवानगी आधी घ्यावी, याबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत.

शास्त्रोक्त | ८ फेब्रुवारी

तबकड्यांवर मी निरुत्तर.

आबोली | ९ फेब्रुवारी

मी वर फुटबॉलचं लिहिलं होतं. त्यावर विचार करत होते. मुलींना पैसे मिळण्याच्या आणखी जागाही सांगायला हव्यात. सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्सच्या स्कॉलरशिप आहेत. ऑलिव्हर यांच्या त्या कार्यक्रमानंतर लोकांनी या सोसायटीला भरभरून देणग्या दिल्या होत्या. पुण्यात लीला पूनावाला फाउंडेशन गरजू मुलींना शिक्षणासाठी मदत करतं. त्यात मुलाखत असते, स्टेज नसतं. शर्वाणी, लेकीला उतरव, पण अर्ज तिकडेही करायला सांग. एकाच दारावर उभं राहू नये.

गोदाकाठ | ९ फेब्रुवारी

शर्वाणीताई, मग काय ठरलं?

शर्वाणी_ह | १० फेब्रुवारी

ठरलं. ती उतरणार आहे.

नवऱ्याने रानजाईंचा प्रतिसाद वाचला. निम्मे गुण बंद खोलीत ठरतात हे वाचून म्हणाला, मग मुलाखतीची तयारी मी घेतो. पण त्याची एक अट आहे आणि ती लेकीने मान्य केली: नवा महागडा ड्रेस नाही, चालण्याचे क्लास नाहीत. जे आहे त्यात. इंजिनिअरिंगच्या मुलींसाठीच्या दोन स्कॉलरशिपचे अर्जही तिने उघडून ठेवलेत.

तिच्या नृत्याच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कदनकुतूहलम् रागातला तिल्लाना घ्या, नाद गोड आणि लय आपसूक चढती. नादब्रह्म, तुम्हाला वेळ असेल तर रेकॉर्डिंगबद्दल विचारेन.

दोन प्रश्न उरलेत. सेल्फ-एक्स्प्रेशनला आजीची नारायणपेठ नेसली तर चालेल का? आणि स्टेज लाकडी आहे, वर काळं प्लॅस्टिकसारखं आच्छादन आहे. घुंगरू घालून अनवाणी नाचताना पाय घसरतील का?

रानजाई | १० फेब्रुवारी

अरे वा! साडीबद्दल आयोजक बाईंना आधी ईमेल कर आणि उत्तर जपून ठेव. त्या फेरीत मुली एकत्र हालचाली करतात, जिनेही चढतात. तेव्हा साडी शिवून घे आणि घोट्याच्या वर ठेव. नऊवारी नेसवली तर आणखी सोपं.

नादब्रह्म | १० फेब्रुवारी

मला मेसेज करा, ताईंची लय मोजून ट्रॅक करून देतो. पैसे नकोत.

ते आच्छादन विनाइलचं असणार. कोरड्या पायाला घसरतं, घामेजल्या पायाला चिकटतं, दोन्ही वाईट. तालमीच्या दिवशी घुंगरू घालूनच नाचायला सांगा, आणि स्टेजच्या कडेला वायरी चिकटपट्टीने कुठे बसवल्यात ते तिला स्वतःला बघू द्या. विंगेत एक ओला नॅपकिन ठेवा. स्टेजवर जाण्याआधी तळवे पुसायचे आणि लगेच कोरडे करायचे. साउंडवाल्याला आधीच सांगा की घुंगरांचा आवाज यायला हवा, नाहीतर तो स्टेजजवळचा माइक बंद ठेवतो.